हेमाताईंची सोनगोगल

नारायण पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात हेमाताई ओगले यांचं माशांचं दुकान होतं. दुकान म्हणजे त्यांच्या तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली. तिन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या टाक्या, टाक्यांत गप्पी, मोली, एंजल आणि एकेकटे ठेवलेले भांडखोर फायटर. मधोमध उंच स्टुलावर स्वतः हेमाताई. दारावर पाटी होती : ‘मासे विकत मिळतील. सल्ला फुकट आहे, पण ऐकावा लागेल.’ पाटी रंगवली होती त्यांच्या यजमानांनी. श्यामराव सदाशिव पेठेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. घरात ते फारसं बोलत नसत, पण बोलले की समोरच्याला दोन दिवस पुरायचं.

हे दुकान हेमाताईंनी हौसेनं काढलं असलं, तरी वेळ मात्र कारखान्यानं आणली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात अठरा वर्षं त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र, हातात वायरी, आणि साऱ्या साहेबांचे आवाज नावानिशी पाठ. चौऱ्याण्णव साली एका सोमवारी आपोआप फोन जोडणारी कपाटाएवढी एक पेटी आली आणि तीन बायकांचं काम मुकाट्यानं एकटी करू लागली. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. बरोबरच्या दोघी रडल्या. हेमाताईंना रडू आलं नाही, उलट हलकं वाटलं. सतत दुसऱ्यांना दुसऱ्यांशी जोडून देण्याचा त्यांना कंटाळा आला होता. घरात पूर्वीपासून एक टाकी होती, तिच्या नऊ झाल्या, मग बावीस.

त्या वेळी पुणं झपाट्यानं बदलत होतं. बाहेरचा माल बाजारात सहज मिळू लागला होता आणि मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे बँकॉकहून, सिंगापूरहून कधी न पाहिलेले मासे येऊ लागले होते. गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी बापाचं बोट धरून आलेली शाळकरी मुलं एक गप्पीची जोडी घेऊन जायची. आता गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली पंचविशीतली मुलं-मुली थेट चार फुटी टाकी मागायची. त्यांचा एकच प्रश्न असायचा : “काकू, ही साफ कोण करणार? आम्हाला अजिबात टाइम नसतो.”

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत व्यापाऱ्यानं त्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा-बारा गोगलगाई. लिंबाएवढ्या, पिकल्या लिंबासारख्याच पिवळ्याधमक. काचेवर संथपणे चढायच्या आणि मागं शेवाळाचा मागमूस ठेवायच्या नाहीत. त्यांचं इंग्रजी नाव हेमाताईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनीच बारसं केलं – सोनगोगल.

सोनगोगल टाकीत चटकन रमली. पाण्याबाहेर येऊन झाकणाला, हीटरच्या वायरीला, जिथं कोरडं मिळेल तिथं अंड्यांचा घोस चिकटवून जायची. अंडी बाजरीच्या दाण्याएवढी, रंगानं थेट गुलाबी, खेळण्यातली वाटावीत अशी. हेमाताई रोज सकाळी त्यातले दोन-चार घोस ठेवायच्या आणि उरलेले नखानं खरवडून केरात टाकायच्या. त्यामुळे व्यापाऱ्याकडून पुन्हा माल मागवायची वेळ आली नाही. प्रत्येक नव्या टाकीबरोबर त्या दोन सोनगोगली द्यायच्या. “ही तुमची मोलकरीण. सुट्टी मागत नाही,” असं म्हणायच्या, आणि गिऱ्हाईक हसायचं.

त्या गिऱ्हाइकांतच एक रुपाली होती. लातूरकडची, हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला लागलेली, मैत्रिणींबरोबर कात्रजला फ्लॅटवर राहणारी. घरची आठवण आली की ती शनिवारी दुकानात येऊन नुसती बसायची. हेमाताई तिला चहा द्यायच्या. ओगल्यांना मूलबाळ नव्हतं. त्याची रुखरुख दोघांनी कधीच बाजूला ठेवली होती, तरी रुपाली आली की श्यामराव आतून खुर्ची आणून ठेवायचे, आणि त्यांच्या दृष्टीनं हे फार झालं. दोन हजार दोनमध्ये, दुकानातल्या आणखी बऱ्याच गिऱ्हाइकांसारखीच, ती कंपनीतर्फे अमेरिकेला गेली.

गुरुवारी पेठेत वीज जायची, म्हणून दुकानही बंद. तो दिवस हेमाताईंचा स्वतःचा. बारीक कापडाची जाळी आणि दोन झाकणाचे डबे घेऊन त्या स्वारगेटहून कात्रजची बस धरायच्या. गावाच्या पुढं, डोंगराच्या कुशीत एक जुनं तळं होतं. वस्तीतले लोक त्याला वाघजाईचं तळं म्हणायचे. त्या पाण्यात माशांच्या पिल्लांना लागतं तसं बारीक जिवंत खाद्य भरपूर मिळायचं. जाळी दोन वेळा फिरवली की डबा भरायचा, पण हेमाताई संध्याकाळपर्यंत तिथंच रेंगाळायच्या.

रेंगाळण्यासारखंच होतं ते. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं, फार तर चार गुंठ्यांचं. त्यावर एक हिवराचं झाड आणि झाडाखाली वाघजाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला दगड. काठाभोवती पाणकणसांची गर्दी, आणि त्यापुढं पाण्यावर पसरलेली कुमुदाची गोल पानं. त्या पानांवर कमळपक्षी चालायचे. लांबसडक बोटं, पांढरे पंख, मानेमागं सोनेरी पट्टा. पानावरच चार काड्या टाकून अंडी घालायचे. मादी अंडी घालून निघून जायची आणि नर ती उबवत बसायचा. हेमाताईंना याची फार गंमत वाटायची. “नवऱ्यांसाठी सहल काढली पाहिजे इथं,” असं त्या एकदा घरी म्हणाल्या. श्यामराव म्हणाले, “आधी त्या पक्ष्याला शाळेत शिकवायला पाठव, मग बघू.”

तळ्यावर कोंडीराम पहारेकरी होता. बीडकडून आलेला, पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. ट्रकच्या चार ट्यूबा बांबूंना बांधून त्यानं तराफा केला होता. पोहणाऱ्या पोरांना हुसकावणं हे त्याचं काम, आणि बेटावर दिवाबत्तीला जाणाऱ्या चंद्रभागाबाईंना नेणं-आणणं ही त्याची सेवा. चंद्रभागाबाई वस्तीतल्या, साठीकडे झुकलेल्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या. देवीचं सगळं त्याच बघायच्या. बेटावरची काडीसुद्धा कुणी तोडायची नाही, ही देवीची आण त्या कडक पाळायच्या आणि पाळायला लावायच्या.

दोन हजार तीनच्या श्रावणात हेमाताई दोन गुरुवार पावसानं हुकून तिसऱ्या गुरुवारी तळ्यावर गेल्या. काठावर वस्तीतल्या बायकांची गर्दी होती. चंद्रभागाबाईंचा चेहरा उजळला होता.

“बाई, बगा तरी,” त्या म्हणाल्या. “आईनं गुलाल उधळलाय. म्या जल्मात असं पायलं न्हाय.”

हेमाताईंनी बेटाकडे पाहिलं. पाणकणसांच्या हिरव्या दांड्यांवर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, गुलाबी ठिपके होते. एक-दोन नव्हे, बेटाच्या अर्ध्या काठावर. कोंडीरामच्या तराफ्यावरून त्या चंद्रभागाबाईंबरोबर जवळ गेल्या. चंद्रभागाबाईंनी एका दांड्याला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. त्याच दांड्याच्या बुडाशी, अंगावर शेवाळ बसून मातकट झालेली, मुठीएवढी एक गोगलगाय चिकटलेली होती. तिच्या शंखाच्या कडेला जरासा पिवळा रंग अजून दिसत होता.

रोज सकाळी नखानं खरवडलेला घोस हेमाताई ओळखणार नाहीत तर कोण? पण बायका ओव्या म्हणत होत्या, चंद्रभागाबाईंचे डोळे भरून आले होते. हेमाताईंनीही हात जोडले.

घरी आल्यावर त्यांनी श्यामरावांना सगळं सांगितलं. श्यामराव पेन्सिलीला टोक करत होते.

“पेठेत लोक वाटसरूला पत्ता सांगायला कुरकुरतात,” ते म्हणाले. “तू गोगलगाईला थेट तळ्यावर पोचवलंस.”

“मी नाही पोचवलं. कुणीतरी टाकी रिकामी केली असेल तिथं.”

“दिली कुणी?”

दुसऱ्या दिवसापासून हेमाताईंनी सोनगोगल विकायची बंद केली. दुकानातल्या सगळ्या एका टाकीत घातल्या, झाकणावर अंडं दिसलं की चिरडायच्या. पण वस्तीवर जाऊन खरं सांगणं त्यांना जमलं नाही. गुरुवारी त्या जायच्या, डबा भरायच्या, आणि चंद्रभागाबाईंनी हाक मारली तर घाईत असल्यासारखं करून बसथांब्याकडे निघायच्या. हिवाळ्यात गोगलगाई दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्यांना वाटलं, सुटले. चिखलात जाऊन शंखाचं कवाड लावून बसण्यात त्या किती तरबेज असतात, हे त्यांना पुढच्या पावसाळ्यात कळलं.

त्या पावसाळ्यात तळ्याचं रूपच पालटलं. कुमुदाचं पान वर आलं की चार दिवसांत चाळणी होऊन बुडायचं. पाणकणसांचे कोवळे कोंब पाण्याखालीच कुरतडले जायचे. झाडोरा संपला तसं पाणी हिरवं, घट्ट, शेवाळलेलं झालं. म्हशी तोंड लावून मागं सरू लागल्या. मुळ्यांनी धरून ठेवलेला बेटाचा पूर्वेकडचा काठ एका जोराच्या पावसात ढासळला आणि पाणी वाघजाईच्या तांदळ्यापासून हातभर अंतरावर आलं. पूर्वी या तळ्यात काळसर, गुळगुळीत शंखाच्या देशी गोगलगाई असायच्या, उघड्या चोचीचे करकोचे त्या खायला यायचे. त्यांचे रिकामे शंखही आता सापडेनात. कमळपक्ष्यांची एक जोडी आली, आठवडाभर उघड्या पाण्यावर घिरट्या घालत राहिली आणि निघून गेली.

“बेट म्हंजी लहान घर, बाई,” कोंडीराम म्हणाला. “समदं मोजून मापून असतंय. एक खादाड पावना आला की घरच्यायचं ताट गेलं.”

हेमाताई त्या दिवशी काठावरच्या दगडावर बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्या नाहीत. पानांवर नर बसायचा ती जागा कुठली, हे त्या पाण्यात शोधत होत्या, आणि ती जागाच उरली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात कोंडीरामचा दुकानात फोन आला. कुठल्याशा कार्यालयातले साहेब तळ्यावर येणार होते. मोरचुदाची पोती आणून पाण्यात ओतायची, म्हणजे गोगलगाई मरतील, असं ठरत होतं. हेमाताईंना मोरचूद ठाऊक होता. माशांच्या टाकीत चिमूटभर जास्त पडला तर मासेही मरतात, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, दुकानाचा चांगला दिवस. त्यांनी कुलूप लावलं आणि कात्रजची बस धरली.

काठावर वस्ती जमली होती. निम्मे लोक म्हणत होते, ओता एकदाचा आणि पाणी साफ करा. निम्मे म्हणत होते, देवीच्या तळ्यात विष नको. चंद्रभागाबाई तावातावानं साहेबांना सांगत होत्या, “आईचा गुलाल हाय त्यो! आई कोपलीया कशानं तरी, तिची शांत कराया पायजे. इख वतून आई शांत हुती व्हय?”

हेमाताई गर्दीतून पुढं आल्या. अठरा वर्षं फोनवर बोलून त्यांचा आवाज कसलेला होता, पण त्या दिवशी तो फुटला.

“चंद्रभागाबाई, देवी कोपलेली नाही. हा गुलाल नाही. ही गोगलगाईची अंडी आहेत. आणि या गोगलगाई माझ्या दुकानात मिळायच्या. लोकांना मीच विकल्या. त्यातल्याच कुणीतरी इथं सोडल्या.”

साहेब वहीतून मान वर करून बघत राहिले.

“कवा कळलं तुला?” चंद्रभागाबाईंनी विचारलं. ‘बाई’वरून त्या ‘तू’वर आल्या होत्या.

“मागच्या श्रावणात. पहिल्याच दिवशी.”

“म्हंजी म्या हळदकुकू लावत हुते, तवा तू माज्या शेजारी हुतीस.”

“हो.”

“हात बी जोडलंस.”

“हो,” हेमाताई म्हणाल्या. “तुमचा आनंद मोडवेना. आणि लाज वाटली.” त्यांनी पदरानं डोळे पुसले.

गर्दीतून कुणीतरी वेडंवाकडं बोललं. चंद्रभागाबाईंनी नुसता हात वर केला आणि ते थांबलं.

“रडू नगंस,” त्या हेमाताईंना म्हणाल्या. “रडून का गोगलगाय मरती? इख न वतता ह्ये निपटाया येतं का, तेवडं सांग.”

“येईल असं वाटतं. पण रोज कुणीतरी हात घालावा लागेल.”

“मंग उद्यापसनं लाग कामाला. म्या हायेच.”

साहेब भले होते, किंवा पोती उतरवण्याचा त्यांनाही कंटाळा असेल. दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर मोरचूद, असं सांगून ते गेले.

युक्ती हेमाताईंना टाक्यांनीच शिकवली होती. सोनगोगल अंडी पाण्यात घालत नाही. तिला पाण्याबाहेर आलेली सरळ, टणक जागा लागते. पाणकणसं कुरतडून तिनंच कमी केली होती. मग तिला आपण जागा द्यायची – आपल्या हाताला येईल अशी. बुरूडआळीतून पन्नास बांबू आणून कोंडीरामनं ते बेटाभोवती उभे रोवले. पहिल्या आठवड्यात बांबू कोरडेच राहिले. वस्तीतली पोरं हसली. चंद्रभागाबाई कोरड्या बांबूंवरून नजर फिरवून निघून गेल्या, ते हेमाताईंना जास्त लागलं.

“बाई, तुमी जत्रंच्या जागी दुकान मांडलंच न्हाई,” कोंडीराम म्हणाला. “खोल पान्यात हायेत कशाला त्या? उथळात असत्यात, चिखलाच्या कडंनं.”

बांबू उपटून उथळ बाजूला, जुन्या कुमुदांच्या जागी रोवले. चौथ्या दिवशी सकाळी साऱ्या बांबूंवर गुलाबी घोस होते.

त्यानंतर कामाला घडी बसली. अंडं दोन आठवड्यांत फुटतं, म्हणून त्याच्या आत प्रत्येक बांबू साफ व्हायलाच हवा. गुरुवारी आणि रविवारी हेमाताई, बाकीचे दिवस चंद्रभागाबाई आणि कोंडीराम. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, पत्र्याच्या तुकड्यानं घोस खरवडून डब्यात घ्यायचा आणि काठावर दगडानं ठेचायचा. मोठ्या गोगलगाईंसाठी दुसरा सापळा : बांबूच्या डालग्यात पपईच्या साली आणि कोबीची पानं घालून ते उथळ पाण्यात ठेवायचं. सकाळी डालगं निम्मं भरलेलं असायचं. नारायण पेठेतल्या शेजारणी हेमाताईंसाठी साली जपून ठेवू लागल्या. बसमध्ये त्या पिशव्यांचा वास यायचा आणि कंडक्टर म्हणायचा, “मावशी, मंडई घेऊन चाललात का?”

ठेचून शिजवलेल्या गोगलगाई कोंडीरामच्या कोंबड्या आवडीनं खायच्या. महिन्याभरात कोंबड्या अशा काही तुकतुकीत झाल्या की तो प्रत्येक गुरुवारी चार अंडी कागदात बांधून हेमाताईंच्या पिशवीत ठेवू लागला.

आश्चर्य म्हणजे, हेमाताईंना या कामात सुख वाटू लागलं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, एक बांबू, मग दुसरा. चंद्रभागाबाई शेजारच्या बांबूवर. बोलणं आधी कामापुरतं असायचं. मग सुनेचं, गुडघ्याचं, पावसाचं निघालं. दसऱ्याच्या सुमारास चंद्रभागाबाईंनी आपल्या भाकरीतली अर्धी मोडून हेमाताईंच्या हातावर ठेवली, वर ठेचा. हेमाताईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. चंद्रभागाबाई पोट धरून हसल्या. “पेठंतली जीभ!” त्या म्हणाल्या.

दिवाळीला साहेब आले. गोगलगाई संपल्या नव्हत्या, पण डालग्यात निम्म्याहून कमी येत होत्या आणि पाण्याचा तळ पुन्हा अंधुक दिसू लागला होता. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. पोती पुन्हा आली नाहीत.

श्यामरावांनी दुकानासाठी नवी पाटी रंगवली : ‘अमेरिकेस जाण्यापूर्वी मासे, गोगलगाई व पाणवनस्पती आमच्याकडे परत कराव्यात. तळ्यास देऊ नयेत. तळ्याने मागितलेल्या नाहीत.’ खाली त्यांनी गुलाबी घोसाचं असं चित्र काढलं की थांबून बघावंच लागे. तीन-चार महिन्यांत पंधरा-वीस टाक्या परत आल्या. बहुतेक वेळा टाकी आणणाऱ्याची विमानाची वेळ तासांवर आलेली असायची.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये रुपाली अमेरिकेहून परतली. चार वर्षांत ती अंगानं भरली होती आणि बोलण्यात इंग्रजी आणखी मुरलं होतं. मिठाईचा पुडा हेमाताईंच्या हातात देता देता तिची नजर पाटीवर गेली. ती वाचत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“काकू, मी जाताना टाकी वाघजाईच्या तळ्यात सोडली होती,” ती म्हणाली. “फिश फ्री होतील, असं वाटलं मला. चांगलं काहीतरी करतेय असं वाटलं. मी फोटोपण काढला होता.”

हेमाताईंना राग येईल असं त्यांनाच वाटलं होतं. तीन वर्षं त्या टाकी सोडणाऱ्या माणसाची मनात खरडपट्टी काढत आल्या होत्या. पण समोर रुपाली होती, आणि तिच्या टाकीत सोनगोगल सोडणारे हात आपलेच होते.

“तुझ्याच असतील असं नाही,” त्या म्हणाल्या. “आणखीही कुणी सोडल्या असतील. आणि विकताना मी तुला सांगितलं नव्हतं. तुला कुठून कळणार?”

“आता मी काय करू?”

आतून श्यामरावांचा आवाज आला. “रविवारी सकाळी सातची बस असते. जुने कपडे घाला.”

रुपाली आली. पहिल्या रविवारी तिनं नाक दाबून काम केलं, दुसऱ्या रविवारी ऑफिसातल्या चौघांना घेऊन आली. कुठला बांबू कधी साफ केला, याचा तिनं कॉम्प्युटरवर तक्ता केला. चंद्रभागाबाईंनी तो कागद हातात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “ह्यात त्यो वाकडा बांबू कुटं हाय? त्येच्यावर लई अंडी असत्यात.” तक्त्यात वाकडा बांबू नव्हता. रुपालीनं तो घातला. चंद्रभागाबाईंच्या नातसुनेनं त्यावर पुढं खुणा करायचं काम घेतलं.

ढासळलेल्या काठावर त्यांनी दुसरीकडून आणलेली पाणकणसं लावली. कुमुदाचे कंद जाळीच्या पिंजऱ्यात पुरले, कोवळं पान वर येईपर्यंत गोगलगाईचं तोंड पोचू नये म्हणून. पहिल्या वर्षी तीन पानं तरली. दुसऱ्या वर्षी वीतभर हिरवा तुकडा दिसू लागला.

दोन हजार आठच्या आषाढात, गुरुवारीच, हेमाताई बसमधून उतरून तळ्यावर आल्या तर कोंडीराम धावत समोर आला. ओठांवर बोट ठेवून त्यानं त्यांना तराफ्याकडे नेलं. चंद्रभागाबाई आधीच तराफ्यावर बसल्या होत्या. बेटाच्या दक्षिणेला, नव्या कुमुदांच्या पानांवर, एक कमळपक्षी पंख जरा पसरून बसला होता. तो किंचित उठला तेव्हा खाली चार अंडी दिसली. चकचकीत, तपकिरी, भोवऱ्यासारखी.

हेमाताईंचं वय आता बावन्न होतं. गुडघे दुखायचे, उन्हानं हात कोपरापर्यंत रापले होते. आपल्या आयुष्यात कारखाना सुटल्यापासून काय काय घडलं, असा काही मोठा विचार त्यांच्या मनात आला नाही. नर एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेत होता, ते त्या बघत होत्या.

मग त्यांचं लक्ष बांबूंकडे गेलं. घरट्याच्या पलीकडे हातभर अंतरावर सात-आठ बांबू होते आणि त्यांवर ताजे गुलाबी घोस होते. तिथं जायचं तर घरट्याला लागूनच जावं लागणार होतं. पक्षी उठला असता, कदाचित परत आला नसता. न जावं तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन-चार आठवडे ते बांबू तसेच राहणार होते.

“एकेका घोसात शंभर-दोनशे असतात,” हेमाताई हळूच म्हणाल्या. “सगळ्या फुटतील.”

“फुटू दे,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “आपुन कुटं चाललोय?”

कोंडीरामनं बांबूचा रेटा देऊन तराफा आवाज न करता मागं घेतला आणि तिघं बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या बांबूंकडे वळले.